पास किती झाले ते मोजू नका, दुसरा डिफेंडर हलला का ते बघा

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला शिकवणाऱ्या तरुण प्रशिक्षकाचा हा प्रश्न आहे. २०२५ च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनलमध्ये भराभर पास करणारा इंडियाना पेसर्स हरला आणि शे गिल्जस-अलेक्झांडरच्या वन ऑन वनवर, म्हणजे समोरच्या एकाला एकट्याने हरवण्यावर, भिस्त असलेला ओक्लाहोमा सिटी थंडर जिंकला. मग ‘बॉल फिरवा, बॉल फिरवा’ असं आम्हाला शाळेपासून सांगत आले, त्यात दम आहे का? व्यावसायिक संघाने कशावर भर द्यावा? आणि आमच्या संघात खऱ्या अर्थाने स्कोअर करणारा एकच पोरगा आहे, त्याला मोकळं रान द्यावं का?

फायनलपासून सुरुवात करतो, कारण तिथली तुमची मांडणी मला अर्धीच पटते.

पहिला सामना आठवा. आपल्याकडे सकाळी सहाला सुरू झाला होता. जवळजवळ पूर्ण सामना थंडर पुढे होता आणि ०.३ सेकंद उरले असताना टायरीस हॅलिबर्टनने शॉट मारून इंडियानाला १११-११० असं जिंकून दिलं. पेसर्सनी टाइमआउटसुद्धा घेतला नाही. हॅलिबर्टन चेंडू घेऊन पुढे आला, समोरच्या डिफेंडरला जागेवर रोखलं आणि त्याच्या तोंडावर उडी मारून शॉट सोडला. ज्या संघाला आपण पासिंगचा आदर्श म्हणतो, त्याचा त्या मालिकेतला सगळ्यात गाजलेला शॉट शुद्ध वन ऑन वन होता. चौथ्या सामन्यात उलटी बाजू दिसली. मालिकेत इंडियाना २-१ ने पुढे होता, चौथ्या क्वार्टरला सुरुवात झाली तेव्हा त्या सामन्यातही पुढे होता. तिथे शेने ३५ गुण केले, त्यातले १५ शेवटच्या पाचेक मिनिटांत, आणि पूर्ण सामन्यात त्याच्या नावावर एकही असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेला पास) नव्हता. थंडर १११-१०४ जिंकला. तुमचा प्रश्न बहुधा ह्याच सामन्यातून आला असावा.

पण थंडरने त्या मोसमात ६८ सामने जिंकले ते मुख्यतः डिफेन्सच्या जिवावर. समोरच्याचा चेंडू हिसकावायचा आणि स्वतःचा गमवायचा नाही, ह्या दोन्ही बाबतींत तो संघ अव्वल संघांत होता. सातव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनच्या पायाची शीर तुटली, आणि तरीही निकाल १०३-९१ इतक्या फरकावर राहिला. ह्यातून ‘आयसोलेशन जिंकलं’, म्हणजे चौघांना बाजूला ठेवून एकट्याने खेळलेलं वन ऑन वन जिंकलं, असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. असा निष्कर्ष दरवर्षी काढला जातो आणि दरवर्षी पुढचा विजेता तो उलटवून टाकतो.

आता मूळ मुद्दा. पाच जणांसमोर पाच जण उभे आहेत आणि प्रत्येकाला आपला मॅन सापडलेला आहे, तोवर कोणालाही चांगला शॉट मिळत नाही. चांगला शॉट मिळतो तो डिफेन्सचे दोन जण एका माणसाकडे खेचले जातात तेव्हा. त्या क्षणी उरलेल्या चौघांवर तीनच जण असतात. आक्रमणाचं सगळं काम ह्या एका घटनेभोवती फिरतं. ती घडवायच्या वाटा मोजक्याच आहेत: ड्रिबल मारून आपल्या माणसाला मागे टाकायचं, स्क्रीन लावून, म्हणजे सहकाऱ्याला वाटेत उभं करून, त्याला अडकवायचं, बास्केटजवळ पाठ लावून चेंडू घ्यायचा, चेंडू हातात नसताना झटक्यात मोकळ्या जागेत कट मारायचा, किंवा डिफेन्स मांडला जायच्या आत पळत सुटायचं. ह्याला मी आमच्या पोरांसमोर ‘भेग पाडणं’ म्हणतो. पास भेग पाडत नाही. क्वचित पाडतो, पण त्याचं खरं काम पडलेली भेग बुजायच्या आत पुढे नेण्याचं आहे.

म्हणून तीन पॉइंटच्या रेषेबाहेर चेंडू गोल गोल फिरतो आणि सगळे टाळ्या वाजवून ‘छान, छान’ म्हणतात, तेव्हा मला काही छान दिसत नाही. डिफेन्सवाले दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे सरकतात, त्यांना दमही लागत नाही. शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घ्यायच्या २४ सेकंदांच्या घड्याळावर, सहा सेकंद उरतात आणि चेंडू ज्याच्या हातात अडकला तो घाबरून वन ऑन वनच खेळतो, तेही सगळ्यात वाईट जागेवरून. आपल्या जिल्ह्यातल्या सामन्यांत मी जितकं वाईट आयसोलेशन पाहिलं, त्यातलं बरंचसं अशा ‘सुंदर’ पासिंगच्या शेवटी आलेलं होतं. ‘पाच पास झाल्याशिवाय शॉट नाही’ हा नियम लहान गटात शिस्त लावायला ठीक आहे. सतरा-अठराच्या पुढे तो नुकसान करतो, कारण डिफेन्सला कळतं की पहिल्या चार पासांना भ्यायचं कारण नाही.

खो-खो खेळलेल्या पोरांना हे पटकन समजतं. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, म्हणून समोरचा जिकडे निसटला त्या बाजूला तोंड करून बसलेल्याला तो खो देतो. खो आधीच दिला तर धावणारा निवांत दिशा बदलतो, उशिरा दिला तर तो पार पुढे गेलेला असतो. पासाचंही असंच. दुसरा डिफेंडर तुमच्याकडे पाऊल टाकतो त्याच पावलावर चेंडू सुटला पाहिजे.

ह्याचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे २०१४ चा सॅन अँटोनियो स्पर्स. आदल्या वर्षी मायामी हीटविरुद्ध विजेतेपद हातातून निसटलं होतं, सातव्या सामन्यापर्यंत जाऊन हरले होते. २०१४ ला पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि स्पर्सनी ४-१ ने मालिका घेतली. पाच सामन्यांत मिळून ७० गुणांचं अंतर. तिसऱ्या सामन्यात, मायामीच्या घरच्या कोर्टावर, पहिल्या हाफमध्ये ७५.८ टक्के शॉट आत गेले. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच ह्यांची त्या संघाला शिकवण होती की चेंडू हातात आला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं: मारायचा, पुढे द्यायचा की आत घुसायचं. चेंडू धरून समोरच्याकडे बघत उभं राहायचं नाही. त्याच तिसऱ्या सामन्यापासून त्यांनी बोरिस दियॉला सुरुवातीच्या पाचात घेतलं. दियॉ उंच होता, पण पास एखाद्या गार्डसारखा करायचा. मायामी तेव्हा पिक अँड रोलवर (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळायची चाल) चेंडूवाल्याला दोघं मिळून घेरायचे. दोघं घेरायला आले की चेंडू दियॉकडे, आणि तिथून पुढे चौघांविरुद्ध तिघं. मायामीचा आक्रमक डिफेन्सच स्पर्सना भेग पाडून देत होता.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. त्या संघात टोनी पार्कर होता, मनू जिनोबिली होता. पार्कर आपल्या माणसाला मागे टाकून रिंगपर्यंत जाऊ शकत होता म्हणून दुसरा डिफेंडर यायचा. तो धाक नसता तर तेच पास, तोच वेग, आणि हाती काहीच नाही.

थोडा हिशेब करू. तीन पॉइंटचा शॉट ३६ टक्के लागत असेल, तर एका शॉटमागे १.०८ गुण. ड्रिबल मारून, हात तोंडावर असताना घेतलेला मधल्या अंतरावरचा शॉट ४२ टक्के लागला तर ०.८४. रिंगजवळून टाकलेला लेअप ६२ टक्के लागला तर १.२४. नुसता हा तक्ता पाहिला की आयसोलेशन मूर्खपणाचं वाटतं, कारण त्याचा शेवट बहुतेक वेळा मधल्या अंतरावरच्या शॉटमध्ये होतो. पण ह्यात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत. पहिली, फाउल. शे फ्री थ्रो नव्वद टक्क्यांच्या आसपास मारतो. त्याला शॉट मारताना फाउल झाला की दोन फ्री थ्रो, म्हणजे त्या खेपेची किंमत १.८ गुण. असा एक फाउल मधल्या अंतरावरच्या दोन शॉटपेक्षा जास्त देतो. ह्यूस्टनकडून खेळणाऱ्या जेम्स हार्डनचा सगळा धंदा ह्याच हिशेबावर उभा होता, एक तर तीन पॉइंट नाही तर फ्री थ्रो, मधलं काही नाही. २०१८-१९ मध्ये त्याने सामन्यामागे सरासरी ३६.१ गुण केले, आणि त्या मोसमात एकट्या हार्डनची आयसोलेशन लीगमधल्या बाकी कोणत्याही पूर्ण संघापेक्षा जास्त होती. बघायला कंटाळवाणं होतं. परिणामकारक होतं हे मात्र नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट, चेंडू गमावण्याची. समजा तुमच्या संघात प्रत्येक पास शंभरातून चार वेळा फुकट जातो. पाच पास केले की शंभरातल्या अठराएक खेपा शॉट न घेताच संपल्या. शिवाय तीन पॉइंटच्या रेषेबाहेरच्या पासावर चोरी झाली की समोरच्याला मोकळा लेअप मिळतो. म्हणजे आपले दोन गेले आणि त्यांचे दोन आले. आयसोलेशनचा शॉट चुकला तर निदान आपले दोन गार्ड मागे परतलेले असतात. एनबीएत पास इतक्या स्वच्छ हातांनी होतात की हा तोटा कमी दिसतो. आपल्या सिमेंटच्या कोर्टावर, धूळ बसलेल्या गुळगुळीत चेंडूने, तो चांगलाच दिसतो.

आयसोलेशनचा एक तोटा मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. ज्या चौघांच्या हाताला चार-चार खेपा चेंडू लागत नाही, ते मागे पळायचे थांबतात. बोलून दाखवत नाहीत, पण पाय बोलतात. १९८६ च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) मायकेल जॉर्डनने बॉस्टन सेल्टिक्सविरुद्ध एका सामन्यात ६३ गुण केले, तरी शिकागो तो सामना आणि ती मालिकाही हरला. पुढे प्रशिक्षक फिल जॅक्सन आणि त्यांचे सहायक टेक्स विंटर ह्यांच्या, चेंडू पाचही जणांत फिरवणाऱ्या ट्रँगल पद्धतीत तोच जॉर्डन खेळला आणि १९९१ पासून विजेतेपदं यायला लागली. १९९७ च्या फायनलचा सहावा सामना तर प्रत्येक प्रशिक्षकाने पोरांना दाखवावा. शेवटची काही सेकंदं, गुण बरोबरीत, चेंडू जॉर्डनकडे, जगाला माहीत की हाच मारणार. युटाचा जॉन स्टॉकटन आपला मॅन सोडून जॉर्डनकडे धावला. जॉर्डनने त्याच क्षणी मोकळ्या स्टीव्ह करला चेंडू दिला आणि करने शॉट आत टाकला. हे आयसोलेशन होतं की पासिंग? मी दोन्ही म्हणेन. सुरुवात एकाची, शेवट दुसऱ्याचा.

जॉर्डनच्या काळाशी आजची तुलना करताना नियमांचं भान ठेवायला हवं. तेव्हा एनबीएत झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, बंदी होती. बिनचेंडूच्या बाजूच्या डिफेंडरला आपला मॅन सोडून मध्ये घुटमळायची मुभा नव्हती. त्यामुळे चार जणांना एका बाजूला पाठवायचं आणि दुसऱ्या अर्ध्या कोर्टात आपला तारा एकटा सोडायचा, हे सरळ नियमातच बसत होतं. २००१-०२ पासून ती बंदी उठली आणि त्याऐवजी डिफेंडरला कोणाला न धरता पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकटीत) तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येणार नाही, असा नियम आला. मदत करणारे डिफेंडर आता जवळ येऊ लागले, आणि त्यांना शिक्षा द्यायला कॉर्नरमध्ये थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारणारे लागले. आज पाचही जण रेषेबाहेर पसरलेले दिसतात त्यामागे तीन पॉइंटचा हिशेब आहेच, पण हा नियमबदलही आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, स्विच. प्लेऑफ आली की पासिंगवाले संघ अचानक अडखळतात आणि आयसोलेशन वाढतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. लोक म्हणतात दडपण येतं, ताऱ्यांना हिरो व्हायचं असतं. थोडं असेलही. खरं कारण यांत्रिक आहे. स्क्रीन लावला की एरवी डिफेन्सचे दोघं क्षणभर गोंधळतात, कोण कोणाला घेणार म्हणून. तीच भेग. स्विच करणारा संघ हा प्रश्नच मिटवतो: स्क्रीन आला की सरळ माणसं बदलून घ्यायची. कोणी मागे राहत नाही, दुसरा डिफेंडर ओढला जात नाही, कटवाल्यासमोरही कोणी ना कोणी उभाच. पाचही डिफेंडर साधारण एका उंचीचे आणि चपळ असले की तुमचे सगळे सुंदर सेट भिंतीवर आपटतात. तुमच्याकडे उरतं एवढंच की स्विचमध्ये कोणीतरी चुकीच्या माणसासमोर आलाय, मंद सेंटर गार्डसमोर किंवा ठेंगणा गार्ड उंच फॉरवर्डसमोर. तो फरक पैशात बदलायचा तर वन ऑन वन खेळावंच लागतं. म्हणजे तिथे आयसोलेशन ही मिजास नसते. डिफेन्सने बाकी सगळी दारं लावून घेतल्यावर उरलेलं ते दार असतं.

२०१८ ची ह्यूस्टन रॉकेट्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स मालिका त्याचं उत्तम उदाहरण. ह्यूस्टनने मोसमात ६५ सामने जिंकले होते, माइक डी’अँटोनी प्रशिक्षक, हार्डन आणि ख्रिस पॉल आलटूनपालटून आयसोलेशन खेळणारे. त्यांनी सगळीकडे स्विच करून वॉरियर्सचं पासिंग इतकं बांधून टाकलं की वॉरियर्सनाही बराच वेळ केविन ड्युरांटच्या वन ऑन वनवर काढावा लागला. पासिंगचा सर्वोत्तम संघ, आणि त्याची ही अवस्था. ह्यूस्टन ३-२ ने पुढे गेला, मग पॉलचा हॅमस्ट्रिंग गेला, आणि सातव्या सामन्यात ह्यूस्टनने ४४ पैकी सातच थ्री मारले. सलग २७ चुकले. ‘आयसोलेशनवाल्यांचं असंच होतं’ असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या चुकलेल्या शॉटमधले बरेच मोकळे होते. मला तिथे दिसले ते थकलेले पाय. भेग पाडायचं काम दोघांत वाटलेलं होतं, त्यातला एक बाकावर बसला आणि सगळा भार एकावर आला. आयसोलेशनच्या पद्धतीत मला हीच खरी कमजोरी वाटते. तिला पर्याय नसतो आणि मे-जूनपर्यंत, म्हणजे प्लेऑफच्या शेवटी, तिचा माणूस पिळून निघालेला असतो.

वॉरियर्सचं नाव निघालं म्हणून: २०१४ मध्ये स्टीव्ह कर, म्हणजे तोच १९९७ च्या शॉटवाला, तिथे प्रशिक्षक झाला तेव्हा हा संघ पासांच्या संख्येत लीगमध्ये तळाला होता. त्याने ती संख्या वाढवली आणि पहिल्याच मोसमात विजेतेपद मिळवलं. हे उदाहरण सांगून सगळे ‘पास वाढवा’ म्हणतात. पण तिथे स्टेफ करी होता. करी चेंडू देऊन स्क्रीनमागून पळतो तेव्हा बिनचेंडूचा असूनही दोघांना ओढून नेतो. पासांची संख्या वाढली हे दिसतं, ते पास कोणाच्या भीतीवर चालले होते ते दिसत नाही. डेन्व्हरच्या निकोला योकिचचंही तसंच, २०२३ चं विजेतेपद आठवा. तो पाठ लावून एकट्याशी खेळायला लागतो, दुसरा आला की चेंडू गेलाच. आणि २०२४ चा विजेता बॉस्टन तर मुद्दाम समोरच्याचा सगळ्यात कच्चा डिफेंडर शोधून त्याच्यावर आपले तारे जेसन टेटम किंवा जेलन ब्राउन ह्यांना सोडायचा, मदत आली की कॉर्नरला थ्री. मदत नाही आली तर तोच मारणार.

तेव्हा व्यावसायिक संघाबद्दल माझं मत असं. मोसमभर पासिंगची सवय ठेवावी, कारण त्याने सगळे जिवंत राहतात आणि मुख्य खेळाडूचे पाय वाचतात. पण संघ बांधताना स्विचसमोरही आपल्या माणसाला हरवणारे निदान दोघं हवेत. एक असला तर फेब्रुवारीत पुरतो, मेमध्ये नाही. एकही नसेल तर कितीही गोड पासिंग असलं तरी प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत गाडी थांबते.

आता आपल्याकडे या. शेचा खेळ पाहून तुमचा पोरगा तसाच खेळायला गेला तर तो अडकणार, आणि त्यात त्याचा दोष नसेल. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो. त्यात डिफेंडरसाठी तीन सेकंदांचा नियमच नाही. समोरचा उंच सेंटर पूर्ण सामना रिंगखाली ठाण मांडून बसू शकतो. कोर्ट एनबीएपेक्षा थोडं लहान, २८ बाय १५ मीटर. थ्रीची रेषा ६.७५ मीटरवर, तिकडे वरच्या भागात ती ७.२४ वर. म्हणजे मदतीला येणाऱ्याला अंतर कमी कापावं लागतं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे एकाहून एक एनबीए तारे हाच धडा शिकले. पोर्तो रिकोने त्यांना ९२-७३ हरवलं, त्या सामन्यात अमेरिकेने २४ पैकी तीनच थ्री मारले. पेंट भरलेला, बाहेरून शॉट पडत नाही, मग वन ऑन वन जाणार कुठे? उपांत्य फेरीत त्यांना हरवून पुढे सुवर्णपदक नेलं ते जिनोबिलीच्या अर्जेंटिनाने.

जिल्ह्याच्या सामन्यांत हे आणखी तीव्र होतं. थ्री मारणारे कमी, म्हणून प्रत्येक संघ झोन लावून बसतो. तुमच्या पोराने एकाला हरवलं की पुढे दोघं उभे. तेव्हा त्याला मोकळं रान द्या म्हणजे वर चेंडू देऊन चौघांनी बघत राहा, असा अर्थ घेऊ नका. चेंडू त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने येऊ द्या. आधी एका बाजूला भेग पाडण्याचा खरा प्रयत्न, डिफेन्स तिकडे सरकला की झटक्यात चेंडू उलट्या बाजूला, आणि तिथे तो धावत येऊन घेईल. उभा राहून घेतलेल्या चेंडूवर त्याला एकाला पूर्ण हरवावं लागतं. धावत घेतला तर समोरचा आधीच पाऊलभर मागे असतो. झोनविरुद्ध एक खेळाडू फ्री थ्रो लाइनवर ठेवा, तोंड रिंगकडे करून चेंडू घेणारा. उंच नसला तरी चालेल, डोळे उघडे असले पाहिजेत.

सरावात माझ्याकडे दोन खेळ कायम असतात. पहिला, चार विरुद्ध चार, पण एका डिफेंडरने मुद्दाम पाऊलभर मागून सुरुवात करायची. भेग आधीच पडलेली आहे, आता चेंडू थांबवायचा नाही. ज्याने चेंडू धरून ठेवला त्याच्याकडून तो काढून घेऊन समोरच्यांना द्यायचा. तोंडाने ओरडण्यापेक्षा ह्याचा परिणाम लवकर होतो. दुसरा, पाच विरुद्ध पाच, सगळे स्विच, शॉटला चौदा सेकंद. इथे पोरं आपोआप चुकीची जोडी शोधायला शिकतात. एरवी आपल्या कोर्टावर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत ‘पास दे’ ऐकू येतं. ह्या खेळात पहिल्यांदा कोणीतरी ‘तो हळू आहे, त्याच्यावर जा’ असं ओरडतो आणि मला बरं वाटतं.

स्कोअरशीटच्या मागच्या बाजूला बाकावरच्या एका पोराला तीनच गोष्टी लिहायला लावा: ह्या खेपेत चेंडू पेंटमध्ये गेला का, दुसरा डिफेंडर ओढला गेला का, आणि त्यानंतरचा पास लगेच सुटला का. पासांची संख्या लिहू नका. दोन-तीन सामन्यांत तुम्हालाच दिसेल की संघ कुठे अडतो. पेंटमध्ये चेंडूच जात नसेल तर तुमचा प्रश्न भेग पाडण्याचा आहे, तिथे पासिंगचं व्याख्यान व्यर्थ. चेंडू आत जातो पण तिथेच संपतो, तर तुमचा स्कोअरर डोकं खाली घालून खेळतोय.

शेवटच्या पाच मिनिटांत मात्र खुशाल त्याच्याकडे जा. तेव्हा पाय जड असतात, पास सैल पडतात, चोरी होण्याची भीती जास्त. एक बाजू मोकळी करा. दुसऱ्या बाजूच्या कॉर्नरमध्ये तुमचा सगळ्यात भरवशाचा शूटर उभा करा. तो फार मारत नसला तरी त्याच्या डिफेंडरने मान वळवून पाहावं इतपत हवा. सेंटरला रिंगमागच्या पट्टीवर ठेवा, म्हणजे मदतीला येणाऱ्याच्या पाठीमागून त्याला चेंडू मिळेल. आणि पोराला आधीच सांगून ठेवा की पहिला हल्ला शॉट क्लॉकवर दहा असताना, तीन असताना नाही. दहावर दुसरा डिफेंडर आला तर पास करायला वेळ उरतो. तीनवर आला तर नशीब.

विभागीय स्पर्धेत पुण्याचे संघ समोर येतील तेव्हा त्याच्यावर सुरुवातीपासून दोघं येणार हे धरून चाला. म्हणून एप्रिल-मेच्या सरावात, म्हणजे सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सिमेंट निवल्यावर, त्याला दोनच गोष्टी पक्क्या करून द्या: डाव्या हाताने शेवटपर्यंत ड्राइव्ह, आणि दोघं अंगावर आले असताना एका हाताने कॉर्नरला थेट पास. बाकीचे सेट जुलैत शिकवा. पावसाने कोर्ट ओलं असतं तेव्हा ते फळ्यावरही शिकवता येतात.